आल्प्सच्या हिमांतील ‘कंदाहार’

१

जुनीं कागदपत्रें चाळणारास ‘कंदाहार’ हें नांव अपरिचित नाहीं. उलट, तें नांव एकाहून अधिक स्थळांस लागत असल्यामुळें त्यानें अभ्यासकांस फसविण्याचा संभव फार. नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें राष्ट्रकूटकालापासून प्रसिद्ध असलेलें दुर्गस्थान. फारशी तवारिखांत त्याचें व अफगाणिस्तानांतील कंदाहारचें नांव लिहिण्यांत पुष्कळदां कांहींच भेद राहत नाहीं. शहाजहानच्या अमदानींत तर गोंधळास अधिकच जागा आहे. दक्षिणेंतील कंधार नसीरीखानानें १६३१ मध्यें घेतलें आणि अफगाणिस्तानांतील कंदाहार अलीमर्दानखानानें १६३८ मध्यें मोंगलांच्या स्वाधीन केलें. एकाच बादशहाच्या कारकीर्दींत, सातच वर्षांच्या अंतरानें, दोन्ही ठाणीं हस्तगत झालीं. मागचापुढचा संदर्भ न पाहतां केवळ नांवावरून स्थलनिश्चय करणारा येथें हटकून चुकावयाचा.

मराठ्यांच्या इतिहासांत दुसरें कंदाहार डोकावतें तें अब्दालीच्या प्रकरणांत. अहमदशहाची राज्यप्रतिष्ठा १७४७ मध्यें तेथें झाली. पुढें १७५८ च्या मे महिन्यांत रघुनाथरावानें पंजाबांतून पेशव्यांस लिहिलेल्या पत्रांत काबूल-कंदाहारच्या सुभ्यांपर्यंत हात पोंचविण्याची भाषा आहे, आणि त्यानंतर तिसऱ्याच वर्षीं पानिपत झालें. हा सर्व वृत्तान्त या पृष्ठांच्या वाचकांस पूर्णपणें अवगत असल्यामुळें त्याचा येथें विस्तार करीत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तिसरें कंदाहार. तें कोणत्याहि नकाशांत सांपडत नाहीं; तें युरोपांतील आल्प्स पर्वताच्या बर्फांत सांपडतें. स्की म्हणजे पायांस बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या, पुढील टोंक वर वळविलेल्या लांब व अरुंद फळ्या. या फळ्यांवरील क्रीडेंत ‘कंदाहार’ नांवाचा एक संघ आहे, ‘कंदाहार’ नांवाच्या शर्यती आहेत, बव्हेरियांतील गार्मिश येथें ‘कंदाहार’ नांवाची प्रसिद्ध उतरण आहे. इतकेंच नव्हे तर फळी पायांस आंवळण्याच्या एका साधनासहि ‘कंदाहार’ हेंच नांव पडलें. ज्या शहरांत हिवाळ्यांत बर्फ क्वचित् पडतें व पडल्यास टिकत नाहीं, त्याचें नांव स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया येथील हिमक्रीडेस कां पडावें? आणि हें नांव नक्की कशाचा पुरावा आहे? या दोन प्रश्नांचा विचार येथें क्रमानें करावयाचा आहे. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. दुसऱ्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मात्र आपण फिरून मुंबई इलाख्याच्या पलटणींपाशीं येऊन पोंचतों.

२

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आल्प्समध्यें परदेशी प्रवासी येत ते उन्हाळ्यांत. हिवाळा लागला कीं घाट बंद पडत, खाणावळींचीं दारें लागत, आणि गांवकरी गुरांच्या वैरणीची बेगमी करून घरांत बसत. ही स्थिति पालटली कशी याविषयीं एक आख्यायिका सांगितली जाते. सेंट मॉरिट्झ येथील खाणावळवाला योहानेस बाद्रुट यानें १८६४ च्या शरद ऋतूंत आपल्या इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली कीं, तुम्ही हिवाळ्यांत येऊन राहा. येथील ऊन न आवडलें तर जाण्यायेण्याचा खर्च माझ्याकडे. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले, अशी ही कथा. तिच्याहून भक्कम आधार दावोस गांवाच्या वृत्तान्तास आहे. तेथें १८६५ च्या फेब्रुवारींत दोन क्षयरोगी हिवाळ्यांत राहावयास आले व डॉक्टर आलेक्सांडर श्पेंगलर याच्या देखरेखीखालीं त्यांस आराम पडूं लागला. पर्वतावरील कोरडी थंड हवा व स्वच्छ ऊन हें क्षयावर औषध होय, हा समज त्यानंतर युरोपभर पसरला. अर्थात् आल्प्समध्यें हिवाळा प्रथम शिरला तो औषध म्हणून. क्रीडा ही त्याच्या पाठोपाठ आली. रोग्यांबरोबर आलेल्या धडधाकट आप्तस्वकीयांस दिवस काढण्यासाठीं कांहींतरी उद्योग हवा होता. तो त्यांस बर्फावरच्या घसरगाड्यांत व गोठलेल्या तळ्यांवर सांपडला. सेंट मॉरिट्झ येथील क्रेस्टा नांवाची घसरवाट १८८४-८५ च्या हिवाळ्यांतील आहे.

स्कीची विद्या मात्र आल्प्सची नव्हे. ती उत्तरेकडून, नॉर्वेहून आली. तेथें स्की हें खेळणें नसून हिवाळ्यांतील वाहन होतें. टेलेमार्क प्रांतांतील मोर्गेडाल येथील सोंद्रे नोरहाइम यानें १८६८ मध्यें क्रिस्तियानिया, म्हणजे सांप्रतचें ऑस्लो, येथें आपलें कौशल्य दाखविलें, तेव्हांपासून तिला क्रीडेचें रूप येऊं लागलें. फ्रिट्यॉफ नानसेन यानें १८८८ मध्यें स्कीवरून ग्रीनलंड ओलांडलें. त्याच्या प्रवासवृत्ताचें जर्मन भाषान्तर १८९१ मध्यें निघतांच मध्य युरोपांत या फळ्यांविषयीं एकच कुतूहल उत्पन्न झालें. परंतु नॉर्वेची भूमि लांब पल्ल्याची व सौम्य चढउताराची. आल्प्सचे कडे उभे. नॉर्वेच्या बांधणींत पायाचें पुढचें टोंक तेवढें पट्ट्यानें धरलेलें व टांच मोकळी; उभ्या उतारावर ती फळी वळविणें कठीण जाई. ऑस्ट्रियांतील लिलिएनफेल्ड येथील मातियास झ्डार्स्की यानें फळी आंखूड केली, बांधणी घट्ट केली, आणि १८९६ मध्यें आपल्या पद्धतीचें पुस्तक काढलें. १९०५ च्या मार्चमध्यें त्यानें मुकनकोगल डोंगरावर ८५ निशाणद्वारांमधून वळत उतरण्याची शर्यतहि लावली.

याच सुमारास आर्थर कॉनन डॉईल हा इंग्रज कादंबरीकार आपल्या क्षयग्रस्त पत्नीस घेऊन दावोस येथें राहत होता. १८९४ च्या मार्चमध्यें तो तेथील ब्रांगर बंधूंबरोबर स्कीवरून फुर्का घाट ओलांडून आरोझास गेला व त्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें ती हकीकत ‘स्ट्रँड’ मासिकांत छापली. पुढें इंग्रज लोक शेंकड्यांनीं केवळ स्कीसाठीं स्वित्झर्लंडला येऊं लागतील असें भविष्य त्यानें त्या लेखांत वर्तविलें. तें अल्पावधींत खरें ठरलें. डॉईलचें नांव येथें मुद्दाम घेतलें आहे. १८८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या शेरलॉक होम्स-कथेंतील डॉक्टर वॉटसन हा मैवंदच्या लढाईंत जखमी झालेला दाखविला आहे. मैवंद कंदाहारजवळ आहे. त्या लढाईकडे आपल्याला पुढें वळावयाचेंच आहे.

३

‘कंदाहार’ हें नांव आल्प्समध्यें नेण्याचें श्रेय ल्यून घराण्याकडे जातें, आणि या घराण्याचा हिंदुस्थानाशीं संबंध होता. हेन्री ल्यून हा मेथॉडिस्ट पंथाचा पाद्री व डॉक्टर १८८७ मध्यें धर्मप्रसारार्थ मद्रासेकडे आला; प्रकृतीनें साथ न दिल्यामुळें थोड्याच काळांत परतला. त्याचा पुत्र आर्नोल्ड ल्यून याचा जन्म १८ एप्रिल १८८८ रोजीं मद्रास येथें झाला. स्वदेशीं गेल्यावर हेन्रीनें १८९२ पासून ग्रिंडेलवाल्ड येथें निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठीं परिषदा भरविण्यास आरंभ केला. परिषदांसाठीं लोकांचा प्रवास व मुक्काम यांची तरतूद करतां करतां त्याचा तोच धंदा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यानें ‘पब्लिक स्कूल्स आल्पाइन स्पोर्ट्स क्लब’ नांवाचा संघ स्थापिला. इंग्लंडांतील प्रतिष्ठित शाळांत शिकलेल्या वर्गासाठींच हा संघ होता, आणि स्वित्झर्लंडांतील कित्येक खाणावळी हिवाळ्यापुरत्या संघाच्या सभासदांकरितां राखून ठेवल्या जात.

अशा संघास वजनदार नांवांची गरज असते. त्याच्या उपाध्यक्षांत फील्डमार्शल अर्ल रॉबर्ट्स याचें नांव होतें. फ्रेडरिक रॉबर्ट्स हा १८३२ मध्यें कानपूर येथें जन्मला. १८८१ ते १८८५ मद्रास फौजेचा व १८८५ ते १८९३ सर्व हिंदुस्थानच्या फौजेचा तो सेनापति होता. १८९२ मध्यें त्यास उमरावपद मिळालें, तेव्हां त्यानें ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ असा किताब घेतला. या वृद्ध सेनापतीनें दिलेल्या पेल्यासाठीं आर्नोल्ड ल्यूननें १९११ च्या जानेवारींत मोंताना येथें शर्यत लावली. पेल्याचें नांव ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार आव्हान-पेला’. स्पर्धकांनीं उंचावरील हिमनदी ओलांडून सुमारें ५,००० फूट खालीं मोंताना गांवापर्यंत उतरावयाचें होतें. निशाणें नव्हतीं, आंखलेली वाट नव्हती. ज्यानें त्यानें आपली वाट आपण शोधावी. सेसिल हॉपकिन्सन हा ६१ मिनिटांत उतरून पहिला आला. आल्प्समध्यें ‘कंदाहार’ हें नांव रुजलें तें येथें.

४

१९१२ पासून ही शर्यत म्यूरेन येथें होऊं लागली. लाउटरब्रुनन दरीच्या उभ्या कड्यावर सुमारें ५,४०० फूट उंचीवर, आयगर, म्योंख व युंगफ्राउ या तीन शिखरांसमोर वसलेलें हें खेडें. १८९१ पासून तेथवर रेल्वे होती, पण ती उन्हाळ्याची. हेन्री ल्यूनच्या खटपटीनें ती हिवाळ्यांतहि चालूं झाली. शर्यतीचें नांव मोठें होतें. घोड्याची जीन आंवळावी त्याप्रमाणें बोलतांना व लिहितांना तें आंवळलें गेलें, आणि ‘रॉबर्ट्स ऑफ’ हे शब्द गळून ‘कंदाहार’ तेवढें उरलें. दानपत्रांतील दात्याचें नांव जाऊन गांवाचें नांव शिल्लक राहावें, त्यांतलाच हा प्रकार.

यापुढें या नांवाचा विस्तार झपाट्यानें झाला. १९२२ च्या जानेवारींत म्यूरेन येथें आर्नोल्ड ल्यूननें जोडनिशाणांमधून वळत उतरण्याची स्लालम शर्यत नव्या नियमांनीं लावली. ‘स्लालम’ हा शब्द नॉर्वेचाच; परंतु तोंवर वळणाचा डौल पाहून परीक्षक गुण देत, तें सोडून ‘जो लवकर उतरेल तो पहिला’ हा एकच निकष ल्यूननें ठरविला. ३० जानेवारी १९२४ रोजीं म्यूरेन येथें ‘कंदाहार स्की क्लब’ स्थापन झाला. त्याच वर्षीं शामोनी येथें पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, पण त्यांत स्कीच्या शर्यती सर्व उत्तरेकडील पद्धतीच्या होत्या. आल्प्सच्या उतरणीस तेथें स्थान नव्हतें. तें मिळविण्यासाठीं ल्यूननें ऑस्ट्रियांतील आर्लबर्ग प्रांतांतल्या हानेस श्नायडर याच्याशीं सख्य जोडलें. श्नायडर हा सेंट आन्टोन येथील नामांकित स्की-शिक्षक. गुडघ्यांत वांकून, फळ्यांच्या शेपट्या उघडून वळण्याची त्याची शिक्षणपद्धति सर्वत्र अनुकरणीय ठरली होती. या दोघांनीं १९२८ मध्यें सेंट आन्टोन येथें ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. उतरण व स्लालम या दोहोंचा एकत्रित निकाल हें तिचें वैशिष्ट्य. १९३० मध्यें आंतरराष्ट्रीय मंडळानें या दोन्ही प्रकारांस मान्यता दिली, १९३१ च्या फेब्रुवारींत म्यूरेन येथें त्यांचे पहिले जागतिक सामने झाले, व १९३६ मध्यें गार्मिश येथें ऑलिंपिकमध्येंहि त्यांचा प्रवेश झाला.

याच काळांत स्वित्झर्लंडमध्यें फळी बांधण्याची एक नवी युक्ति निघाली. टांचेमागून तारेचा वेढा घ्यावयाचा, टांचेशीं स्प्रिंग, पुढें ताण देणारी कळ आणि फळीच्या दोन्ही बाजूंस आंकडे. तार आंकड्यांखालीं अडकविली कीं टांच फळीस जखडून उतरण्यास पाय बळकट. आंकड्यांतून सोडविली कीं टांच मोकळी, चढण्यास सोयीची. शर्यतींच्या कीर्तीमुळें या बांधणीसहि ‘कंदाहार’ नांव मिळालें आणि पुढें तिचा प्रसार अनेक देशांत झाला. शर्यतीच्या बक्षिसाचें नांव याप्रमाणें लोखंडी तारेपर्यंत उतरलें.

१९३८ मध्यें या नांवास एकदां कसोटीस लागण्याचा प्रसंग आला. १२ मार्च रोजीं जर्मन फौजा ऑस्ट्रियांत शिरल्या. नाझी मताशीं फटकून वागणाऱ्या श्नायडरला पकडण्यांत आलें. आर्लबर्ग-कंदाहार शर्यत तोंडावर आली असतां ल्यूननें ती रद्द केली. श्नायडर १९३९ मध्यें अमेरिकेंतील नॉर्थ कॉनवे येथें निघून गेला. महायुद्धानंतर मात्र या शर्यती म्यूरेन, सेंट आन्टोन, शामोनी, सेस्त्रिएर व गार्मिश अशा पांच ठिकाणीं, चार-पांच देशांत फिरूं लागल्या. गार्मिशची ‘कंदाहार’ उतरण व म्यूरेनचा क्लब अद्यापि तें नांव वागवीत आहेत. ल्यूनला १९५२ मध्यें सर ही पदवी मिळाली व १९७४ मध्यें तो वारला.

५

पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथवर झालें: शर्यतीस पेल्याचें नांव, पेल्यास दात्याच्या किताबाचें नांव, आणि किताबास युद्धाचें नांव. आतां या शेवटच्या कडीचा शोध घेतला पाहिजे. कारण रॉबर्ट्सला कंदाहार गांठावें लागलें तें कां, हें त्या किताबांत लिहिलेलें नाहीं.

दुसऱ्या अफगाण युद्धांत १८८० च्या वसंतांत कंदाहारचा बंदोबस्त मुंबई इलाख्याच्या फौजेकडे आला. हिरातेहून अयूबखान चालून येतो असें कळल्यावर ब्रिगेडियर बरोज सुमारें अडीच हजार सैनिकांनिशीं त्याच्यावर गेला. त्याच्याबरोबर ६६ वी गोरी पलटण व गोऱ्यांचा तोफखाना होता. बाकीच्या सैन्यांत मुंबईची पहिली ग्रेनेडियर पलटण, ३० वी म्हणजे जेकबची रायफल पलटण, मुंबईचें ३ रें हलकें घोडदळ, सिंधचे स्वार, आणि ज्यांचें ठाणें पुण्याजवळ खडकीस होतें त्या मुंबई सॅपर्स व मायनर्सची तुकडी होती. २७ जुलै १८८० रोजीं मैवंद येथें गांठ पडली. शत्रुसंख्या कितीतरी पट, तोफा अधिक, ऊन कडक, आणि आघाडीवर पाण्याचा तुटवडा. ३० व्या पलटणींत नवशिक्यांचा भरणा होता. डाव्या बगलेवरील तिच्या तुकड्या तोफा मागें हटतांच फुटल्या आणि त्यांच्या रेट्यानें ग्रेनेडियरांची रांग मोडली. त्या दिवशीं नऊशेंहून अधिक माणसें पडलीं. उरलेले रात्रभर तहानेनें व्याकुळ होऊन सुमारें पंचेचाळीस मैल मागें कंदाहारांत येऊन पोंचले, आणि अयूबखानानें शहरास वेढा दिला.

हा वेढा उठविण्यासाठीं रॉबर्ट्स ऑगस्टमध्यें काबूलहून सुमारें दहा हजार सैन्य घेऊन निघाला. तीनशेंहून अधिक मैल चालून तो ३१ ऑगस्टला पोंचला व १ सप्टेंबरला त्यानें अयूबखानाचा पराभव केला. ही कूच असामान्य होती यांत शंका नाहीं. परंतु ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ या किताबाचें दुसरें, न लिहिलेलें अर्धांग मैवंद होय. मैवंद झालें नसतें तर ती कूच झाली नसती.

६

नाणीं व पदकें संग्रहणाऱ्यांस याचा प्रत्यक्ष पुरावा हातांत धरून पाहतां येईल. त्या युद्धाच्या रुपेरी अफगाण पदकावर निरनिराळ्या लढायांच्या पट्ट्या आहेत: अलीमसजिद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार. मैवंदची पट्टी नाहीं. ज्या लढाईंत सर्वांत अधिक माणसें पडलीं तिला पदकावर जागा मिळाली नाहीं. याशिवाय काबूल ते कंदाहार या कुचीसाठीं पंचकोनी ब्राँझचा तारा, इंद्रधनुष्यी छटांच्या फितीसह, निराळा काढण्यांत आला. त्याची धातु अयूबखानाकडून घेतलेल्या तोफांची. तो रॉबर्ट्सबरोबर चाललेल्यांस मिळाला, वाटेंत कलात-इ-घिल्झाईहून सामील झालेल्यांसहि मिळाला. कंदाहारच्या कोटांत कोंडल्या गेलेल्या शिबंदीस मिळाला नाहीं. रॉबर्ट्सचा व्होनोलेल नांवाचा अरबी घोडा होता. तो त्यानें १८७७ मध्यें मुंबईसच विकत घेतला होता. राणी व्हिक्टोरियाच्या आज्ञेनें त्या घोड्यास हा तारा व चार पट्ट्यांचें अफगाण पदक देण्यांत आलें. घोड्यानें कूच केली होती, तेव्हां नियमानें तें यथायोग्यच झालें; परंतु मुंबईच्या शिपायाच्या वांट्यास काय आलें हें ताडून पाहण्यास याहून बोलका पुरावा नको. ६६ व्या गोऱ्या पलटणीचें स्मारक म्हणून इंग्लंडांत रेडिंग येथें १८८६ मध्यें सिंहाची भव्य लोखंडी मूर्ति उभारली, व तिच्या चौथऱ्यावर ३२९ नांवें कोरलीं. ग्रेनेडियरांचीं नांवें तशीं कोठें चौकांत दिसत नाहींत.

पदकापेक्षांहि लांबणारा परिणाम सैन्यभरतीवर झाला. रॉबर्ट्सनें १८९७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मवृत्तांत मद्रासी शिपायाविषयीं लिहितांना असें मत दिलें आहे कीं, दीर्घकालीन शांततेनें त्याची जुनी लढाऊ वृत्ति मावळली, आणि बंगाल फौजेंतील सामान्य हिंदुस्थानी व मुंबईकडील मराठा यांचीहि तीच गत झाली. उत्तरेकडील गुरखे, शीख, पठाण यांचीच भरती करावी हें धोरण त्याच्या सेनापतित्वाच्या काळांत बळावलें. हें सर्व एकट्या मैवंदमुळें झालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. त्याला इतर कारणें होतीं व रशियाची भीति हें त्यांतील प्रमुख. तथापि मैवंदच्या पराभवानें मुंबई फौजेच्या लौकिकास जो डाग लागला, त्याचा या मतास आधार मिळाला, हें नाकारतां येत नाहीं. १८९२ च्या पुनर्घटनेनंतर महारांची भरती बंद पडली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ मध्यें मुंबईच्या सेनापतीसाठीं अर्जाचा मसुदा केला. आपल्या पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन न्याय मागणारा हा कागद महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासांत महत्त्वाचा आहे. १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ मध्यें मोडली. महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ मध्यें. मराठ्यांविषयींच्या मताचें उत्तर कागदानें नव्हे, रणांगणानें दिलें. पहिल्या महायुद्धांत कूतच्या वेढ्यांत व मेसापोटेमियांत मराठा पलटणींनीं जें शौर्य दाखविलें त्याबद्दल ११७ व्या मराठा पलटणीस ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला. रॉबर्ट्स तें पाहण्यास राहिला नव्हता. तो १४ नोव्हेंबर १९१४ रोजीं फ्रान्समध्यें सेंट-ओमेर येथें वारला. आणि तेथें तो गेला होता हिंदी शिपायांच्या भेटीसाठीं.

७

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष येणेंप्रमाणें. आल्प्समधील ‘कंदाहार’ हा शब्द अफगाण नगराविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो बक्षीस देणाऱ्याच्या किताबाचा अवशेष आहे. तसेंच तो किताब १८८० च्या संपूर्ण घटनेविषयींहि साक्ष देत नाहीं. त्यानें जयाचा भाग तेवढा राखला व ज्या पराभवामुळें जयाची गरज पडली तो गाळला. यांत ल्यूनचा कांहीं दोष नाहीं. त्यानें चढत्या उमेदीच्या तरुणांसाठीं शर्यत लावली, आणि म्यूरेनच्या उतारावर जें धैर्य व चापल्य प्रकट झालें तें निर्विवाद आहे. दोष असलाच तर तो नांवांच्या स्वभावांत आहे. किताब, पदक व पेला हे तिन्ही देणाऱ्याच्या हातचे पुरावे. घेणाऱ्याचें किंवा न मिळालेल्याचें म्हणणें त्यांत येत नाहीं. ताम्रपट वाचतांना आपण दात्याच्या बिरुदावलीस जितकें तोलून घेतों, तितकेंच या अर्वाचीन बिरुदांसहि तोलून घेतलें पाहिजे. कंधार व कंदाहार यांत घोंटाळा करणारा अभ्यासक एक स्थळ चुकतो; ‘कंदाहार’ या शब्दांत केवळ रॉबर्ट्स पाहणारा मात्र नऊशें माणसें चुकतो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मुंबई फौजेच्या पेन्शनीचे कागद, रजेचे दाखले, अफगाण पदकें, मोडींत लिहिलेलीं घरगुती पत्रें अशीं साधनें कोंकणांत व देशावर शिपायांच्या वंशजांकडे असण्याचा संभव आहे. पदकाच्या कडेवर शिपायाचें नांव व पलटणीचा क्रमांक कोरलेला असतो; तो वाचून टिपून घ्यावा. पदक पट्टीवांचून असेल तर तें अपुरें समजून टाकून देऊं नये अथवा बाजारांत हलक्या किमतीनें विकूं नये. त्यावर १ ली ग्रेनेडियर किंवा ३० वी पलटण असा क्रमांक असेल, तर ती कोरी फीतच मैवंदचा पुरावा असूं शकेल. म्यूरेनच्या बर्फावर जें नांव दर हिवाळ्यांत उच्चारलें जातें, त्याचें गळालेलें अर्धें आपल्या घरच्या पेट्यांत शोधावयाचें आहे.